रातातुई: फ्रान्सची ही साधी गावरान भाजी घरी केली की पाणचट का होते?

पॅरिसमधलं एक नावाजलेलं रेस्टॉरंट. ज्याच्या एका लेखामुळे भल्याभल्या शेफची झोप उडते असा समीक्षक अँटन इगो टेबलाशी बसलाय. त्याच्यासमोर भाज्यांच्या पातळ चकत्यांची एक नाजूक डिश येते. पहिला घास तोंडात जातो आणि हा खडूस माणूस थेट लहानपणात, आईच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहतो.

२००७ साली आलेल्या पिक्सारच्या ‘रॅटटूई’ या ॲनिमेशनपटातला हा प्रसंग. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड यांच्या या सिनेमाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं आणि दक्षिण फ्रान्समधल्या एका घरगुती भाजीचं नाव जगभर पोहोचलं. तेव्हापासून ही भाजी घरी करून बघणाऱ्यांची संख्या मोठी आहे. साहित्याची यादी वाचली तर धीर येतोच. वांगं, टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा, लसूण, तेल. यात अवघड काय असणार?

प्रत्यक्षात बऱ्याच घरांत ताटात पडतं ते लालसर पाण्यात तरंगणारं, सगळ्या फोडींना एकच चव असलेलं ‘फ्रेंच मिक्स व्हेज’. वांग्याचा गाळ झालेला, ढोबळी मिरची मात्र करकरीत. मग ‘परदेशी पदार्थ आपल्या जिभेला रुचत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो आणि महागड्या ऑलिव्ह ऑइलची बाटली कपाटात मागे सरकते.

दोष जिभेचा नसतो. ही भाजी साधी आहे ती साहित्याच्या बाबतीत. कृतीच्या बाबतीत ती वेळखाऊ आहे, आणि तो वेळ कुठे घालवायचा हे बहुतेक झटपट पाककृती सांगत नाहीत.

रातातुई म्हणजे नेमकं काय?

फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, भूमध्य समुद्राच्या काठावर नीस नावाचं शहर आहे. तिथे आणि आजूबाजूच्या प्रोव्हान्स प्रांतात उन्हाळ्यात होणारी भाज्यांची ही दाटसर भाजी. मूळ फ्रेंच उच्चार ‘रातातुय’च्या जवळ जाणारा. सिनेमामुळे आपल्याकडे ‘रॅटटूई’ हा इंग्रजी वळणाचा उच्चार रुळला. तिचं पूर्ण नाव ‘रातातुई निस्वाज’, म्हणजे नीसची रातातुई.

तिच्यात पाच भाज्या असतात: वांगं, झुकिनी, ढोबळी मिरची, टोमॅटो आणि कांदा. जोडीला लसूण, ऑलिव्ह ऑइल, थाइम, बेझिल आणि लॉरेलचं पान. मसाला नाही, फोडणी नाही, पाण्याचा थेंबही नाही. नीट जमलेल्या रातातुईत फोडी मऊ असतात पण आकार धरून असतात, आणि त्यांना टोमॅटो-तेलाचा जॅमसारखा घट्ट रस चिकटलेला असतो. चमचा फिरवला की वाटीच्या तळाशी पाणी दिसलं, तर काहीतरी चुकलं.

या पाचांची मोट काही उगाच बांधलेली नाही. युरोपात जुलै-ऑगस्टमध्ये या सगळ्या भाज्या एकाच वेळी भरभरून येतात. नीसच्या कूर सालेया बाजारात त्या दिवसांत टोमॅटो-वांग्यांचे ढीग लागतात. परसातल्या बागेत तर रोज टोपलीभर माल निघतो आणि त्याचं करायचं काय हा प्रश्न पडतो. रातातुई हे त्या प्रश्नाचं उत्तर. उरलेली भाजी काचेच्या बरण्यांत भरून हिवाळ्यासाठी ठेवण्याची पद्धतही तिथे घरोघरी होती.

नाव ऐकायला भारी, अर्थ मात्र तसा नाही

‘रातातुई’ या शब्दात ‘तुये’ हे फ्रेंच क्रियापद दडलेलं आहे. त्याचा अर्थ ढवळणं, घोटणं. दक्षिण फ्रान्समधल्या ऑक्सितान भाषेत याचं भावंड ‘रातातोल्या’ असं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द फ्रेंचमध्ये आढळतो, पण तेव्हा त्याचा वांग्या-टोमॅटोशी संबंध नव्हता. भांड्यात जे मिळेल ते टाकून शिजवलेलं जाडंभरडं कालवण, एवढाच त्याचा अर्थ. फ्रेंच सैन्यात शिपायांना वाढल्या जाणाऱ्या अशा बेचव जेवणाला ‘राता’ म्हणत. थोडक्यात, हे नाव म्हणजे कौतुक नव्हतं, नाक मुरडणं होतं.

भाज्यांची आजची यादी या नावाला चिकटली ती बरीच नंतर. छापील पाककृतींमध्ये ती स्थिर झाली विसाव्या शतकात. म्हणजे ‘शेकडो वर्षांची परंपरा’ म्हणून जी भाजी पर्यटकांना वाढली जाते, तिचं आजचं रूप साधारण आपल्या पणजी-आजीच्या वयाचं आहे.

खुद्द नीस हे शहरही फ्रान्समध्ये आलं ते १८६० साली. त्याआधी ते सार्डिनियाच्या राज्यात होतं, त्यामुळे तिथल्या जेवणावर इटलीची छाप आजही ठळक दिसते. आणि या भाजीचे नातलग तर सगळ्या भूमध्य किनाऱ्यावर पसरलेत. सिसिलीत व्हिनेगरने आंबटगोड केलेली कापोनाता, स्पेनच्या कातालोनियात साम्फाइना, ला मांचा भागात पिस्तो, मायोर्का बेटावर बटाट्यासकट थर लावलेली तुम्बेत. तेल तेच, वांगी-टोमॅटो-मिरच्यांचा मेळही थोड्याफार फरकाने तोच.

वांगं फ्रान्सला गेलं आपल्याकडून

या ‘अस्सल फ्रेंच’ भाजीतली एकही मुख्य फळभाजी फ्रान्सची नाही. टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनीचे पूर्वज अमेरिका खंडातले. कोलंबसच्या १४९२ च्या सफरीआधी युरोपाने ते पाहिलेही नव्हते. आज दिसते ती लांबट हिरवी झुकिनी पुढे इटलीतल्या बागायतदारांनी घडवली.

वांग्याची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. ते मूळचं आशियातलं, आणि त्याचा प्रवास त्याच्या नावातच नोंदलेला आहे. भाषाशास्त्रज्ञ ‘वातिंगण’ या जुन्या संस्कृत शब्दापासून सुरुवात करतात. त्यावरून फारसीत ‘बादिंगान’, अरबीत ‘अल-बादिंजान’, अरबांबरोबर स्पेनमध्ये पोहोचल्यावर कातालान भाषेत ‘अल्बर्जीनिया’ आणि तिथून फ्रेंचमध्ये ‘ओबर्जीन’. मराठीतलं ‘वांगं’ आणि हिंदीतलं ‘बैंगन’ यांचं मूळही याच घराण्यात सांगितलं जातं.

गंमत म्हणजे हा शब्द फिरून परतही आला. पोर्तुगीजांनी ‘अल-बादिंजान’चं ‘बेरिंजेला’ केलं होतं. ते गोव्यासह पश्चिम किनाऱ्यावर आले तेव्हा तो शब्द सोबत आला आणि त्यावरून भारतीय इंग्रजीत ‘ब्रिंजल’ झालं. भाजी इथेच होती, तिचं नाव तेवढं अर्धं जग फिरून घरी आलं.

मग सिनेमात दाखवली ती कोणती डिश?

ती रातातुई नव्हे, निदान नीसच्या घरात होते ती तरी नव्हे. गोल गोल चकत्या एकावर एक रचून ओव्हनमध्ये भाजलेल्या त्या डिशचं नाव ‘कॉन्फी बियाल्दी’. फ्रेंच शेफ मिशेल गेरार यांनी १९७६ साली आपल्या पुस्तकात या प्रकाराची कृती दिली होती. ‘बियाल्दी’ हे नाव ‘इमाम बायल्दी’ या वांग्याच्या प्रसिद्ध तुर्की पदार्थावरून आलं. कॅलिफोर्नियातले शेफ थॉमस केलर यांनी त्यात बदल केले आणि सिनेमासाठी सल्लागार म्हणून काम करताना तीच डिश पडद्यासाठी सुचवली.

यात एक मजेशीर विसंगती आहे. सिनेमातली शेफ कोलेत ‘हा तर शेतकऱ्यांचा पदार्थ, तो या समीक्षकाला कसा वाढायचा?’ अशा अर्थाची शंका काढते. पण गेरार यांचं ते पुस्तक होतं वजन कमी करू पाहणाऱ्यांसाठीच्या हलक्या जेवणाचं. त्यांचं रेस्टॉरंट होतं ओजेनी-ले-बँ या गावात, जिथे श्रीमंत लोक गरम पाण्याच्या झऱ्यांवर प्रकृती सुधारायला येत. म्हणजे गरिबांची भाजी म्हणून जगाने जी डोक्यावर घेतली, तिचं कूळ निघालं डाएटच्या ताटातलं. चकत्यांची ती डिश सुंदर दिसते, चवीलाही छान असते. पण मऊ, तेलकट, जॅमसारखी रातातुई हवी असेल तर ती कृती उपयोगाची नाही.

एकत्र शिजवायची की वेगवेगळी?

रातातुईवरून होणाऱ्या सगळ्या भांडणांचं मूळ हे आहे.

एक बाजू म्हणते, गावाकडची भाजी आहे, सगळं एका भांड्यात टाका, झाकण ठेवा, विषय संपला. या बाजूलाही परंपरेचा आधार आहे. ब्रिटिश लेखिका एलिझाबेथ डेव्हिड यांनी १९५० साली आपल्या भूमध्य जेवणावरच्या पुस्तकात रातातुई दिली, तेव्हा ती एकाच भांड्यात तेलावर हळूहळू शिजणारी होती. युद्धानंतरचं रेशनिंग अजून संपलं नव्हतं आणि ऑलिव्ह ऑइल औषधाच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळायचं, अशा इंग्लंडमध्ये हे पुस्तक वाचलं गेलं. वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना ती भाजी करणं शक्यच नव्हतं. नुसतं वाचण्यातही सुख होतं.

दुसरी बाजू म्हणते, प्रत्येक भाजी स्वतंत्र परतायची आणि अगदी शेवटी एकत्र करायची. अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांनी १९६१ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हाच मार्ग सांगितला. नीसचे महापौर जाक मेदसँ यांचंही मत तसंच. महापौरांचं मत कशाला, असं वाटेल. पण १९६६ ते १९९० अशी चोवीस वर्षं नीसवर राज्य करणाऱ्या या गृहस्थांनी १९७२ साली नीसच्या जेवणावर पुस्तक लिहिलं आणि ते आजही त्या विषयावरचं प्रमाण मानलं जातं. पुढे भ्रष्टाचाराचे आरोप झाल्यावर ते उरुग्वेला पळाले, तिथून त्यांना फ्रान्समध्ये आणून तुरुंगातही टाकलं. राजकारणाची अशी वाट लागली, पण पाककृती टिकल्या.

परंपरेचा कौल दोन्हीकडे आहे. विज्ञानाचा मात्र दुसऱ्या बाजूकडे झुकतो, आणि त्याचं कारण आहे पाणी.

टोमॅटो आणि झुकिनीत साधारण ९५ टक्के पाणी असतं. वांग्यात, ढोबळी मिरचीत ९० टक्क्यांच्या वर. खाली दिलेल्या प्रमाणात भाज्यांचं वजन सुमारे एक किलो ९०० ग्रॅम भरतं, म्हणजे भांड्यात जवळपास पावणेदोन किलो पाणीच असतं. हे सगळं एकदम आचेवर चढवलं की भाज्या पाणी सोडतात आणि स्वतःच्याच पाण्यात उकडतात. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर जात नाही. भाजीला तपकिरी रंग आणि खमंग चव येते ती साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणजे एकत्र शिजणाऱ्या भाजीला खमंगपणा येण्याची संधीच मिळत नाही.

दुसरी अडचण टोमॅटोची. भाजी मऊ होते म्हणजे तिच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळतं. आंबट रसात ते विरघळायला जास्त वेळ लागतो. आपल्याकडे डाळ शिजल्याशिवाय चिंच घालत नाहीत, त्याच जातीचं हे प्रकरण. टोमॅटो सुरुवातीलाच पडला तर ढोबळी मिरची अर्धा तास शिजूनही करकरीत राहते, आणि ती मऊ होण्याची वाट बघेपर्यंत झुकिनीचा लगदा होतो.

तिसरं पात्र वांगं. त्याचा गर स्पंजासारखा, आत भरपूर हवा असलेला. गरम तेलात टाकलं की तो दोन मिनिटांत सगळं तेल पिऊन टाकतो. घाबरून आणखी तेल ओतलं जातं. मग उष्णतेने गर खचतो आणि प्यायलेलं सगळं तेल बाहेर सोडतो. वांगं आधी मीठ लावून ठेवलं की गरातलं पाणी निघतं, हवेच्या पोकळ्या आधीच खचतात आणि ही उधळपट्टी बरीच टळते. पूर्वी मीठ लावायचे ते कडवटपणा जावा म्हणून. आजची वांगी फारशी कडू नसतात, तरी तेलासाठी ही पायरी करण्यासारखी आहे.

घरी कशी करायची?

चार जणांना पोटभर आणि दुसऱ्या दिवसासाठी थोडी उरेल इतक्या भाजीला हे साहित्य लागतं.

भरताचं एक मोठं वांगं (सुमारे ४०० ग्रॅम)
मध्यम आकाराच्या दोन झुकिनी (४०० ग्रॅम)
लाल किंवा पिवळ्या ढोबळ्या मिरच्या दोन (३०० ग्रॅम)
पिकलेले लालबुंद टोमॅटो ६०० ग्रॅम
दोन मोठे कांदे (२०० ग्रॅम)
लसणाच्या चार-पाच मोठ्या पाकळ्या
ऑलिव्ह ऑइल सहा-सात मोठे चमचे
थाइमच्या दोन-तीन काड्या किंवा अर्धा छोटा चमचा वाळलेलं थाइम, लॉरेलचं एक पान, मूठभर बेझिल, मीठ, मिरपूड

बाजारात जाण्याआधी दोन-तीन गोष्टी. मोठ्या शहरांत झुकिनी मॉलमध्ये आणि बऱ्याच भाजीवाल्यांकडेही मिळते. नाही मिळाली तर वांगं आणि ढोबळी मिरची थोडी वाढवा. झुकिनी नसलेल्या रातातुईच्या कृतीही छापलेल्या आहेत. कोवळा दुधी घालता येतो, पण त्याला झुकिनीसारखा चटकन रंग येत नाही आणि पाणी जास्त सुटतं. हिरवी ढोबळी मिरची चालते, फक्त ती किंचित कडसर लागते. लाल मिरची म्हणजे तीच पूर्ण पिकलेली, म्हणून गोड.

‘बे लीफ’ म्हणून आपल्याकडचं तमालपत्र घालू नका. ते दालचिनीच्या कुळातलं झाड आहे, भूमध्य भागातलं लॉरेल वेगळं. तमालपत्राने रातातुईला बिर्याणीचा वास येतो. लॉरेल नसेल तर न घातलेलं बरं. बेझिलच्या जागी देवघरापुढची तुळसही नको, तिचा लवंगेसारखा उग्र वास सगळ्यावर मात करतो. पण फालुद्यात ज्याचं बी घालतात त्या सब्जाचं रोप घरी असेल तर त्याची कोवळी पानं बिनधास्त वापरा. सब्जा आणि बेझिल या एकाच वनस्पतीच्या जाती आहेत. थाइम मिळालं नाही तर ओव्याचे चार-पाच दाणे चुरडून घालता येतात, कारण दोन्हींच्या वासामागे थायमॉल हेच द्रव्य आहे. चार-पाचच घाला, जास्त झाले तर भज्यांची आठवण येईल.

आता कृती. वांग्याचं साल ठेवून अंगठ्याच्या पेराएवढ्या, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटरच्या फोडी करा. आपल्याकडे चिरलेलं वांगं काळं पडू नये म्हणून मिठाच्या पाण्यात टाकतात. इथे उलट करायचं. पाणी नको, फोडींना एक छोटा चमचा मीठ चोळून त्या चाळणीत अर्धा तास ठेवा. खाली तपकिरी पाणी निथळेल. मग फोडी स्वच्छ कापडात घेऊन घट्ट दाबून कोरड्या करा. कापड पिळल्यासारखं दाबलं तरी हरकत नाही.

हा अर्धा तास बाकीच्या तयारीला पुरतो. टोमॅटोच्या बुडाशी फुलीसारखी चीर द्या, उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवून काढा आणि सालं ओढून काढा. मग बारीक चिरा. बिया काढायची गरज नाही. झुकिनी आणि ढोबळी मिरचीच्या वांग्याएवढ्याच फोडी करा. कांदा उभा चिरा, लसूण ठेचून घ्या.

भांडं रुंद आणि जाड बुडाचं हवं. लोखंडी कढईत भाज्या परतायला उत्तम, पण टोमॅटो तिच्यात शिजवू नका, आंबटपणाने लोखंडाची चव उतरते. कुकरचा तर विचारही नको. बंद भांड्यात पाण्याला बाहेर जायला वाट नसते, आणि इथे सगळी खटपट त्यासाठीच चालली आहे.

दोन चमचे तेल तापवा. वांगी एका थरात पसरा. भांडं लहान असेल तर दोन घाणे करा, गर्दी झाली की भाजी परतण्याऐवजी वाफवते. आच मध्यमहून थोडी जास्त. पहिली दोन-तीन मिनिटं उलथनं लावूच नका, बुडाला रंग येऊ द्या. मग उलटत राहा. दहा-बारा मिनिटांत फोडी सोनेरी आणि आतून मऊ होतील. त्या ताटात काढा.

त्याच भांड्यात चमचाभर तेलात झुकिनी. हिला पाच-सहा मिनिटं पुष्कळ झाली. कडांना रंग आला आणि मधे अजून थोडी कडक असली की काढा, पुढे आणखी शिजायची आहे. मग पुन्हा चमचाभर तेलात ढोबळी मिरची, आठ-दहा मिनिटं, साल सुरकुतेपर्यंत. तीही ताटात. प्रत्येक भाजीला चिमूटभर मीठ तिथल्या तिथे घालत जा. वांग्याला मात्र नको, त्याला आधीच लागलंय.

आता उरलेल्या तेलात कांदा, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. आपल्या रश्श्यासाठी परततो तसा तो लालसर करायचा नाही, फक्त मऊ आणि पारदर्शक करायचा. लसूण घालून मिनिटभर परता. मग टोमॅटो, थाइम आणि लॉरेल. झाकण न ठेवता शिजू द्या. पंधरा-वीस मिनिटांत पाणी आटून टोमॅटोचा दाट रस होईल. उलथन्याने मधे रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली, की समजायचं झालं. भाजी पाणचट होणार की नाही ते इथे ठरतं. भूक लागलीय म्हणून पाच मिनिटं आधी पुढे गेलात, तर ते पाणी नंतर काढता येत नाही.

ताटातल्या सगळ्या भाज्या या रसात अलगद मिसळा. ताटात साठलेलं तेल आणि रसही जाऊ द्या. मंद आचेवर, झाकण अर्धवट ठेवून, पंधरा-वीस मिनिटं. नावात ‘ढवळणं’ असलं तरी ढवळायचं जवळपास नाहीच, एक-दोनदा तळापासून वर उचलायचं. शेवटी मीठ-मिरपूड बघा, लॉरेलचं पान काढा, आच बंद करून बेझिल हाताने तोडून घाला. टोमॅटो फार आंबट निघाले तर चिमूटभर साखर चालेल.

सगळं मिळून दीड तास लागतो. एवढा वेळ नसेल त्या दिवशी एक मधला मार्ग आहे. वांगं, झुकिनी आणि ढोबळी मिरची तेल-मीठ लावून ओव्हनच्या दोन ट्रेमध्ये पसरायच्या, २०० अंशांवर अर्धा-पाऊण तास भाजायच्या आणि तेवढ्यात गॅसवर कांदा-टोमॅटोचा रस करायचा. वेळ फारसा वाचत नाही, पण गॅससमोर उभं राहणं निम्म्यावर येतं. चवही चांगली येते, फक्त कढईतल्या भाजीसारखा तेलाचा मऊपणा थोडा कमी पडतो.

गरम वाढायची की गार?

इथे आपली सवय आडवी येते. भाजी म्हणजे ताटात वाफाळती यायला हवी. रातातुई चुलीवरून उतरल्याबरोबर खाल्ली तर तिच्यात फक्त टोमॅटो लागतो. तासभर निवली की वांग्याची, मिरचीची चव वेगवेगळी कळायला लागते. नीसमध्ये ती कोमट किंवा चक्क गार खातात, वरून थोडं कच्चं ऑलिव्ह ऑइल सोडून. ती दुसऱ्या दिवशी जास्त मुरते, यावर मात्र एकत्र शिजवणारे आणि वेगवेगळं शिजवणारे दोघंही सहमत असतात.

फ्रान्समध्ये ती भाजलेल्या मटणाबरोबर किंवा माशांबरोबर येते, नुसत्या जाड सालीच्या पावाबरोबरही. आपल्याकडे कडक पाव किंवा ज्वारीची भाकरी तिच्याशी छान जुळते. पोळीबरोबर ती थोडी तेलकट वाटते, आणि भातावर घेणाऱ्यांना रस कमी पडतो.

फ्रिजमध्ये झाकून ठेवली तर तीन-चार दिवस टिकते. फ्रीजर टाळा, वितळल्यावर झुकिनीचं पुन्हा पाणी होतं. तळाशी वाटीभर उरली असेल तर सकाळी ती पसरट तव्यात गरम करायची, मधे खळगा करून त्यात दोन अंडी फोडायची आणि पांढरं घट्ट होईपर्यंत झाकण ठेवायचं.